'भासमान' हा शब्द कुठे गेला? मेंदूचे वय, जनुके आणि मेंदूविकार : एक चिकित्सक वाचन



या टिपणात आपण एकच शोधनिबंध वाचणार आहोत आणि त्यावर शंका घेणार आहोत. २०१९ साली 'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात ओस्लो येथील टोबियास काउफमन, लार्स वेस्टल्यु आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ३ ते ९६ वर्षे वयाच्या ४५,६१५ व्यक्तींच्या मेंदूंचे एमआरआय स्कॅन त्यासाठी वापरले होते. निबंधाचा दावा थोडक्यात असा : काही मेंदूविकारांत मेंदू कॅलेंडरच्या वयापेक्षा 'म्हातारा' दिसतो, हे दिसणे काही अंशी आनुवंशिक असते, आणि त्याच्या मुळाशी असलेली काही जनुके त्या विकारांच्या जनुकांशी सामाईक असतात.

मी जीवशास्त्राचा माणूस नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंग शिकवतो. तरीही या निबंधावर लिहायचे धाडस करतो, कारण त्याचा पाया प्रतिगमनाचा, म्हणजे तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या रिग्रेशनचा आहे. दुसरे कारण खासगी आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अंतिम वर्षाच्या चार जणांच्या गटाने 'मेंदूचे वय ओळखणे' हा प्रकल्प घेतला होता. लंडनमधल्या तीन रुग्णालयांत काढलेले सुमारे सहाशे निरोगी व्यक्तींचे स्कॅन 'आयएक्सआय' नावाने खुले उपलब्ध आहेत. ते उतरवून घेतले, मेंदूच्या भागांची मापे काढली, मॉडेल बसवले. सरासरी चूक साडेसहा वर्षांची. पदवीच्या प्रकल्पासाठी वाईट नाही. सादरीकरणाच्या आठवडाभर आधी गटातली एक मुलगी सीडी घेऊन आली. म्हणाली, "सर, बाबांचा स्कॅन आहे. हल्ली विसरतात फार. टाकून बघू का?" वडील ५४ वर्षांचे. मी हो म्हणालो. मॉडेलने ६३ सांगितले. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि मग तिने विचारले, "म्हणजे नऊ वर्षं गेली का त्यांची?" मला उत्तर देता आले नाही. 'हो' म्हणणे चूक होते हे कळत होते, पण 'नाही' का म्हणायचे, हे चार वाक्यांत सांगण्याइतके मलाच समजलेले नव्हते. हे टिपण म्हणजे उशिरा दिलेले ते उत्तर आहे.

आधी 'मेंदूचे वय' तयार कसे होते ते पाहू. कल्पना नवी नाही. २०१० मध्ये जर्मनीतील काटया फ्रांके आणि ख्रिस्तियान गाझर यांनी साडेसहाशेच्या आसपास निरोगी व्यक्तींच्या स्कॅनवरून वयाचा अंदाज बांधला. चूक सरासरी ५ वर्षांची होती. सौम्य अल्झायमर असलेल्यांचे मेंदू त्यांच्या मॉडेलला सरासरीने सुमारे १० वर्षे अधिक वयाचे वाटले. काउफमन यांनी हेच फार मोठ्या प्रमाणावर केले. मेंदूच्या बाह्यकाचे प्रत्येक अर्धगोलात १८० तुकडे पाडले, प्रत्येकाची जाडी, पृष्ठफळ आणि घनफळ मोजले, त्यात अनुमस्तिष्क व आतल्या भागांची मापे मिळवली. एकूण १,११८ आकडे. ३५,४७४ निरोगी व्यक्तींचे हे आकडे आणि त्यांचे खरे वय देऊन संगणकाला शिकवले. मग त्याने पूर्वी न पाहिलेल्या व्यक्तींचे वय सांगितले. भाकितातून खरे वय वजा केले की उरते ती 'मेंदू-वयाची तफावत'. तफावत धन असेल तर मेंदू म्हातारा, ऋण असेल तर तरुण.

इथे जरा थांबा. ही 'तफावत' म्हणजे काय? इतर कोणत्याही प्रयोगात आपण तिला काय म्हणतो? रेसिड्युअल. मॉडेलची चूक. तुम्ही काँक्रीटच्या ठोकळ्याच्या मुरण्याच्या दिवसांवरून ताकद काढता, भाकीत आणि मोजमाप यांत फरक पडतो, तेव्हा तुम्ही म्हणत नाही की या ठोकळ्याला आपण सात दिवसांचे आहोत असे वाटते. तुम्ही म्हणता, मॉडेलमध्ये काहीतरी राहून गेले. मेंदूच्या बाबतीत मात्र चुकीलाच नाव दिले, एकक दिले 'वर्षे', आणि ती मोजण्याची राशी झाली. एकक फसवे असते. 'बाह्यकाची जाडी शून्य पूर्णांक अमुक मिलिमीटर कमी' असे ऐकून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. 'नऊ वर्षे' म्हटले की येतो.

या चुकीला एक अंगभूत खोडही आहे, आणि ती तुम्ही कागदावर सिद्ध करू शकता. साध्या रेषीय प्रतिगमनात रेसिड्युअलचा भाकिताशी सहसंबंध शून्य असतो, हे पाठ असेल. पण खऱ्या मूल्याशी? तो शून्य नसतो. भाकीत वजा वय, ही राशी घेतली तर वयाशी तिचा सहसंबंध उणे वर्गमूळ (१ वजा आर-वर्ग) एवढा येतो. आमच्या प्रकल्पात आर-वर्ग ०.७५ होता, म्हणजे सहसंबंध उणे ०.५. अर्थ असा की मॉडेल सगळ्यांना सरासरी वयाकडे ओढते. आमच्या नमुन्याचे सरासरी वय ४८ होते. तेव्हा ठणठणीत ७५ वर्षांच्या आजोबांना हे मॉडेल सरासरीने पावणेसात वर्षांनी तरुण ठरवणार आणि २५ वर्षांच्या तुमच्यासारख्यांना जवळजवळ सहा वर्षांनी म्हातारे. यात मेंदूचा काही संबंध नाही. गणिताचाच तो परिणाम आहे. मॉडेल जितके कच्चे तितकी ओढ जास्त.

काउफमन आणि सहकाऱ्यांना हे ठाऊक होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पुढच्या प्रत्येक तुलनेत त्यांनी वय, वयाचा वर्ग, लिंग, स्कॅनर आणि प्रतिमेचा दर्जा हे सगळे हिशेबात धरले आहे. आपला निबंध त्यांनी निष्काळजीपणे लिहिलेला नाही. निष्काळजीपणा आमच्या प्रयोगशाळेत झाला. पण इंटरनेटवर मॉडेल उतरवून घेऊन 'तुमच्या मेंदूचे वय ओळखा' करणाऱ्या कोणालाही तो करता येतो, म्हणून इतका वेळ घेतला.

त्या मुलीच्या वडिलांचे वय सरासरीच्या थोडे वर होते, म्हणजे या ओढीमुळे त्यांचा आकडा फुगला नव्हता, उलट किंचित कमीच आला असणार. मग ते नऊ काय होते? हिशेब केला तेव्हा कळले की ५४ वर्षांच्या शंभर निरोगी माणसांपैकी सहा-सात जणांना आमचे मॉडेल नऊ किंवा त्याहून अधिक वर्षांनी म्हातारे ठरवील. शिवाय शिकवणीतले स्कॅन जवळपास एक मिलिमीटरच्या चकत्यांचे होते, आणि वडिलांचा स्कॅन आपल्याकडच्या निदान केंद्रांत सर्रास काढतात तसा पाच मिलिमीटरच्या चकत्यांचा. बाह्यक स्वतःच दोन ते चार मिलिमीटर जाड असतो. पाच मिलिमीटरच्या पट्टीने तो मोजायचा म्हणजे वजनकाट्यावर केसाचे वजन करण्यासारखे. ही गोष्ट मला त्या दिवशी सुचायला हवी होती. सुचली नाही.

आता विकारांकडे वळू. निबंधाच्या चाचणी-संचात दहा प्रकारच्या विकारांचे ५,७८८ रुग्ण आणि ४,३५३ निरोगी व्यक्ती होत्या. फरकाचे माप त्यांनी 'कोहेनचा डी' या स्वरूपात दिले आहे, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतील अंतर, प्रमाण विचलनाच्या पटीत. स्मृतिभ्रंशात १.०३, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ०.७४, स्किझोफ्रेनियात ०.५१, तीव्र नैराश्यात ०.१०. स्वमग्नता आणि अतिचंचलता यांत नगण्य.

हे आकडे वाचून पुढे जाऊ नका. डी दिला असता दोन घंटाकृती वक्र एकमेकांवर किती पडतात हे काढता येते. ०.१० असेल तर ९६ टक्के. म्हणजे नैराश्याच्या रुग्णांचा आणि निरोगी माणसांचा वक्र जवळजवळ एकच. ०.५१ ला ८० टक्के. स्मृतिभ्रंशातसुद्धा, जिथे मेंदू डोळ्यांना दिसेल इतका आकसतो, ६० टक्क्यांच्या वर. तेव्हा 'स्किझोफ्रेनियात मेंदू लवकर म्हातारा होतो' हे वाक्य गटाच्या सरासरीबद्दल खरे असले तरी समोर बसलेल्या रुग्णाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. आपल्या समाजात या आजाराच्या माणसाला आधीच किती नावे ठेवलेली असतात ते तुम्ही पाहिले असेल. त्यांत 'याचा मेंदू म्हातारा' या नव्या नावाची भर घालताना हात आखडला पाहिजे.

आणि ते सरासरीतले अंतर तरी कशामुळे? आजारामुळे, की आजाराच्या औषधामुळे? २००५ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी माकडांना दीड-दोन वर्षे हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन ही मनोविकारांची औषधे दिली. माकडांना स्किझोफ्रेनिया नव्हता. तरी त्यांच्या मेंदूंचे वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरले. (यावरून कोणीही औषध बंद करू नये. आजार बळावण्याचा धोका त्याहून मोठा असतो, आणि तो निर्णय डॉक्टरांचा.) त्यात स्कॅन चालू असताना रुग्ण निरोगी माणसापेक्षा अधिक हलतो, आणि डोके हलले की प्रतिमेत बाह्यक पातळ दिसतो. प्रतिमेचा दर्जा हिशेबात धरून यातले काही निस्तरता येते, सगळे नाही.

निबंधाची खरी बाजू मात्र इथेच आहे, आणि ती बातम्यांत आली नाही. त्यांनी संपूर्ण मेंदूचे एक वय काढून थांबायचे टाळले. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांची वेगळी वये काढली आणि दाखवले की विकारागणिक नकाशा वेगळा असतो. दोन आजारांत संपूर्ण मेंदूची तफावत सारखी आली तरी ती वेगळ्या भागांतून आलेली असू शकते. मग 'वय' हा एकच शब्द दोन्हीला कसा लावायचा? माझ्या मते लेखकांच्या स्वतःच्या निष्कर्षाने त्यांच्या शीर्षकातली संकल्पना खिळखिळी केली आहे. वार्धक्य जर एक प्रक्रिया असेल तर तिचा नकाशाही साधारण एकच असायला हवा.

आता जनुके. हा भाग सर्वांत जास्त उद्धृत होतो आणि सर्वांत कमी समजून घेतला जातो.

यूके बायोबँकेतील २०,१७० व्यक्तींच्या माहितीवरून त्यांनी तफावतीची आनुवंशिकता काढली : सुमारे २४ टक्के. याचा अर्थ 'माझ्या मेंदूच्या म्हातारपणात २४ टक्के वाटा आई-वडिलांचा' असा होत नाही. आनुवंशिकता हा लोकसमूहातील फरकांचा हिशेब आहे. त्या विशिष्ट समूहात माणसामाणसांत जो फरक आढळला, त्यातल्या एवढ्या भागाचा माग नेहमीच्या जनुकीय फरकांशी लागतो, इतकेच ती सांगते. हाताला पाच बोटे असणे पूर्णपणे जनुकांचे काम. पण बोटांच्या संख्येतला फरक बहुतेक यंत्रात हात गेल्यामुळे पडतो, म्हणून त्या फरकाची आनुवंशिकता जवळपास शून्य. समूह बदला, परिस्थिती बदला, आकडा बदलतो.

दुसरा प्रश्न अधिक टोकदार आहे : आनुवंशिक आहे ते नेमके काय? तफावतीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, हा मेंदू इतरांपेक्षा वेगाने झिजतो आहे. दुसरी, हा मेंदू मुळातच वेगळ्या मापाचा घडला होता आणि इतरांच्याच वेगाने झिजतो आहे. एकदाच काढलेल्या स्कॅनवरून या दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. एका माणसाच्या खात्यात दहा हजार आहेत. तो उधळ्या आहे की त्याला पगारच कमी, हे शिल्लक रकमेवरून कसे सांगणार? पासबुकाची किमान दोन पाने तरी हवीत.

ती दोन पाने २०२१ मध्ये मिळाली, आणि गंमत म्हणजे ओस्लोतूनच. दिदाक विदाल-पिन्येरो आणि सहकाऱ्यांनी 'ईलाइफ'मध्ये ज्यांचे काही वर्षांच्या अंतराने एकाहून अधिक स्कॅन झाले होते अशांचा अभ्यास मांडला. यूके बायोबँकेतील १,३७२ आणि युरोपातील 'लाइफब्रेन' संचातील १,५०० व्यक्ती. एका वेळी मोजलेल्या तफावतीचा त्या व्यक्तीच्या मेंदूत प्रत्यक्ष किती वेगाने बदल होतो आहे याच्याशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो जन्माच्या वेळच्या वजनाशी, आणि मेंदू-वयाशी निगडित जनुकीय गुणांकाशी. म्हणजे निरोगी मध्यमवयीन माणसात ज्याला आपण 'म्हातारपण' म्हणत होतो, त्यातला बराच भाग बाळपणाचा होता!

जनुकांच्या बाजूने पाहिले तरी तसेच दिसते. २०१९ मध्येच आइसलंडमधील संशोधकांनी तेथील लोकांवर शिकवलेले मॉडेल यूके बायोबँकेवर वापरले आणि तफावतीशी निगडित दोन जागा शोधल्या. एक केसीएनके२ या जनुकाजवळ. तिचा संबंध मेंदूच्या घड्यांमधील फटींच्या रुंदीशी. दुसरी १७ व्या गुणसूत्रावर, एमएपीटी जनुक जिथे आहे त्या पट्ट्यात. एमएपीटी म्हटले की डोळे चमकतात, कारण टाऊ हे प्रथिन तेच बनवते आणि अल्झायमरच्या मेंदूत टाऊच्याच गुंतवळी सापडतात. चला, वार्धक्याचे जनुक सापडले! पण घाई नको. त्या ठिकाणी डीएनएचा सुमारे नऊ लाख अक्षरांचा आख्खा पट्टा काही लोकांत उलटा बसलेला असतो, आणि त्या पट्ट्यात अनेक जनुके एकत्र बांधलेली आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत उलटा पट्टा वीसेक टक्के गुणसूत्रांवर आढळतो, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. याच पट्ट्याचा संबंध कवटीच्या आतील एकूण आकारमानाशीही आढळलेला आहे. आणि कवटी काही साठाव्या वर्षी लहान होत नाही. तेव्हा हे झिजण्याचे जनुक की घडणीचे, याचा निकाल 'टाऊ' हे नाव ऐकून लावता येणार नाही.

शेवटचा दुवा : जनुके सामाईक असणे. इथे लेखकांनी दोन पद्धती वापरल्या. पहिली विचारते, सगळ्या जीनोमभर पाहता तफावत वाढवणारे जनुकीय फरक विकाराचा धोकाही वाढवतात का? हा एकूण संबंध क्षीण निघाला. दुसरी पद्धत विचारते, दोन्हींशी निगडित अशा काही जागा तरी आहेत का? अशा जागा सापडल्या. पण ही दुसरी पद्धत दिशा विचारत नाही. एका जागी तफावत वाढवणारे अक्षर विकाराचा धोकाही वाढवू शकते, दुसऱ्या जागी कमीही करू शकते. पंख्यात आणि पाण्याच्या पंपात एकाच मापाचा बोल्ट सापडला म्हणून पंखा हळूहळू पंप होत चालला आहे असे कोणी म्हणत नाही.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत तर २०१४ मध्ये १०८ आणि २०२२ मध्ये २८७ जागा नोंदवल्या गेल्या. जाळे इतके मोठे असले की मेंदूशी संबंधित कोणतीही राशी त्यात टाका, काही ना काही अडकणारच. सामाईक जागा सापडणे हे कुतूहलाचे आहे, पुढच्या प्रयोगासाठी पत्ता म्हणून उपयोगी आहे. पण 'विकार म्हणजे वेगाने आलेले वार्धक्य' याचा तो पुरावा नाही.

मग जनुक आणि मेंदूविकार यांचा भक्कम दुवा कसा दिसतो? एपीओईकडे पाहा. १९ व्या गुणसूत्रावरचे हे जनुक कोलेस्टेरॉल वाहून नेणारे प्रथिन बनवते. त्याचे तीन प्रकार, आणि फरक केवळ दोन जागांचा : प्रथिनसाखळीतील ११२ वी आणि १५८ वी. चौथ्या प्रकारात दोन्ही ठिकाणी आर्जिनिन, तिसऱ्यात एके ठिकाणी, दुसऱ्यात दोन्हीकडे सिस्टीन. १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील गटाने चौथ्या प्रकाराचा अल्झायमरशी संबंध दाखवला. युरोपीय वंशाच्या लोकांत त्याची एक प्रत असेल तर धोका सुमारे तिप्पट, दोन असतील तर दहा ते पंधरा पट. इथे दिशा एक आहे, मात्रा वाढेल तसा धोका वाढतो, आणि वेगवेगळ्या देशांत तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. तरीही दोन प्रती असलेल्या सर्वांना आजार होतोच असे नाही, आणि एकही नसलेल्यांनाही होतो.

'वेगवेगळ्या देशांत' असे म्हटले, त्यात आपलाही देश आहे. हरियाणातील बल्लभगड आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे मोनोंगहेला खोरे यांची तुलना करणारा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. चौथ्या प्रकाराचे प्रमाण बल्लभगडला ०.०७, तिकडे ०.११. अल्झायमरशी त्याच्या संबंधाची ताकद मात्र दोन्हीकडे सारखीच. पंचवीस वर्षांपूर्वी, गावात घरोघर जाऊन, निरक्षर म्हाताऱ्यांसाठी वेगळ्या स्मृतिचाचण्या तयार करून केलेले हे काम आहे. मेंदू-वयाच्या लखलखत्या आलेखांपुढे ते साधे दिसते. मला ते जास्त आवडते.

आणि यावरून तो प्रश्न येतो जो तुम्ही इंदूर, वडोदरा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही बसून हे वाचत असाल तरी विचारायलाच हवा : हे मेंदू कोणाचे? यूके बायोबँकेने सुमारे ९२ लाख लोकांना पत्रे पाठवली, त्यातले साडेपाच टक्के आले. जे आले ते सरासरी ब्रिटिश माणसापेक्षा निरोगी आणि सुस्थितीतले. जनुकीय विश्लेषण त्यातल्या युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले. त्या मापाची पट्टी आपल्याला लावली तर काय होईल? पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण मातांच्या बाळांची सरासरी वजने नोंदवली ती सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांची ३.५ किलो. आता विदाल-पिन्येरो यांचा निष्कर्ष आठवा : जन्माचे वजन कमी, तर मेंदू 'म्हातारा'. म्हणजे बारामतीपासून बलियापर्यंत कितीतरी माणसे या पट्टीवर जन्मतःच म्हातारी ठरण्याची शक्यता आहे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी निदान साठीपर्यंत तरी थांबायची सवलत दिली होती.

आपल्याकडे पट्टी तयार करण्याचे काम सुरू झाले आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीय व्यक्तींच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा तयार केला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कर्नाटकातील श्रीनिवासपूर तालुक्यात ग्रामीण प्रौढांचा दीर्घकालीन अभ्यास करते आहे. तिथे त्याच माणसांची पुन्हा पुन्हा तपासणी होते, म्हणजे पासबुकाची दुसरी पाने मिळणार आहेत. जानेवारी २०२५ मध्ये जीनोमइंडिया प्रकल्पातील दहा हजार भारतीयांचे जीनोम संशोधकांना खुले झाले. देशात साठीच्या पुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यांच्यासाठी कोणते मॉडेल बसवायचे, हे तुमच्यापैकी कोणीतरी ठरवणार आहे.

निबंधाच्या शीर्षकात लेखकांनी एक शब्द जपून वापरला आहे. मराठीत मी त्याला 'भासमान' म्हणेन. 'मेंदूचे भासमान वार्धक्य' असे ते लिहितात, निबंधभर लिहितात. वृत्तपत्रांत आणि इतरांच्या सारांशांत तो शब्द गळतो. आमच्या प्रकल्प-अहवालातही गळला होता, आणि त्या अहवालावर मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे.

स्वाध्याय म्हणून इतके करा. संगणकावर २० ते ८५ वयाच्या सहाशे काल्पनिक व्यक्ती तयार करा. प्रत्येकाला एक 'मेंदूचे माप' द्या, जे वयानुसार सर्वांत एकाच वेगाने घटते, पण ज्याचा आरंभबिंदू व्यक्तीगणिक वेगळा आहे. त्यावरून वयाचे भाकीत करा, तफावत काढा आणि वयाचा परिणाम वजा करा. उरलेल्या तफावतीचा आरंभबिंदूशी सहसंबंध पाहा. तुमच्या या जगात कोणाचाही मेंदू इतरांपेक्षा वेगाने झिजत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, कारण ते जग तुम्हीच लिहिले आहे.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले ते तीन आठवड्यांनी, आलेख काढून. तोपर्यंत ती वडिलांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली होती. आमचा ६३ चा आकडा तिने त्यांना सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला, कागदावर लिहिला नाही, आणि बी-१२ व थायरॉइडची तपासणी लिहून देत वडिलांना आजचा वार विचारला.